स्वयंपाकघरातली औषधं: कुठल्या उपायात दम आहे हे कसं ओळखायचं

घरगुती उपायांचा विषय निघाला की लगेच दोन पार्ट्या पडतात. एक म्हणते पूर्वज काय वेडे होते का, दुसरी म्हणते सगळं थोतांड, गोळी घ्या आणि गप्प बसा. मला दोन्ही पार्ट्यांचा सारखाच कंटाळा येतो कारण तपासायचं कुणालाच नसतं. आणि गंमत अशी की बहुतेक उपायांमध्ये एक छोटासा खरा दाणा असतो, त्याच्याभोवती वर्षानुवर्षं गप्पांचे थर चढत गेलेले असतात. तो दाणा कसा शोधायचा आणि थर कसे सोलायचे एवढंच इथे सांगतोय. या विषयात नवीन असाल तर खालच्या क्रमानेच जा, मधली पायरी गाळू नका.

पायरी १: दावा नेमका काय आहे ते आधी लिहून काढा

"आलं पोटाला चांगलं असतं" हे वाक्य तपासताच येत नाही. पोटाला म्हणजे कशाला? मळमळ, गॅस, अल्सर, बद्धकोष्ठता? ताजं आलं, सुंठ की कॅप्सूल? किती, किती दिवस, आणि कुणाला? कागदावर हे सगळं लिहायला गेलात की निम्मे उपाय तिथेच गळून पडतात, कारण सांगणाऱ्याकडे उत्तरच नसतं, "घेऊन तर बघा" एवढंच असतं.

आल्याचंच पुढे बघू. गरोदरपणातली मळमळ कमी व्हायला आल्याचा उपयोग होतो हे बऱ्याच चाचण्यांमध्ये दिसलंय, त्यात साधारण दिवसाला १ ग्रॅमच्या आसपास सुंठ पावडर वापरलेली होती. हा झाला खरा दाणा. याच आल्याने चरबी वितळते, रक्त शुद्ध होतं, सगळे विकार पळतात, हे नंतर चढलेले थर. म्हणजे "आलं खरं की खोटं" हा प्रश्नच चुकीचा आहे, "आलं कशासाठी" असा विचारा.

पायरी २: हा आजार आपोआप बरा होतो का ते बघा

सगळ्यात जास्त लोक इथेच फसतात. साधी सर्दी सात ते दहा दिवसांत जाते, तुम्ही काहीही केलं नाही तरी. सर्दीनंतरचा खोकला तर तीन आठवडे रेंगाळू शकतो. आता माणूस काय करतो, पहिल्या दिवशी दुर्लक्ष करतो, तिसऱ्या दिवशी वाफ घेतो, पाचव्या दिवशी कंटाळून कुणीतरी सांगितलेला काढा पितो आणि सहाव्या दिवशी बरं वाटायला लागतं, मग पुढची वीस वर्षं तो काढ्याचा प्रचारक. जो उपाय शेवटी केला त्यालाच क्रेडिट मिळतं.

डेंग्यूमधला पपईच्या पानांचा रस पण याच कॅटेगरीत. प्लेटलेट्स आधी उतरतात आणि मग बहुतेक पेशंटमध्ये आपल्या आपण चढतात, रस नेमका उतरत्या काळात सुरू केलेला असतो त्यामुळे चढल्या की रसामुळे चढल्या असं वाटतं. काही छोट्या अभ्यासांमध्ये थोडा फायदा दिसलाय हे खरं, पण डेंग्यूत जीव धोक्यात येतो तो मुख्यतः रक्तातलं पाणी नसांबाहेर झिरपल्यामुळे, आणि रसाने ते थांबतं असं कुणी दाखवलेलं नाही. प्लेटलेटच्या आकड्याकडे बघत घरी बसणं हा खरा धोका आहे.

मग खरं कसं कळणार? तुलनेने. जेम्स लिंड नावाचा एक ब्रिटिश नौदलातला सर्जन होता, १७४७ साली 'सॅलिसबरी' जहाजावर त्याने स्कर्व्ही (व्हिटॅमिन सी कमी पडल्यामुळे होणारा आजार) झालेले १२ खलाशी घेतले, दोन-दोनच्या सहा जोड्या केल्या, बाकी जेवण सगळ्यांना सारखंच, आणि प्रत्येक जोडीला वेगळा उपाय. एकीला सायडर (सफरचंदाची दारू), एकीला सौम्य गंधकाम्ल, एकीला व्हिनेगर, एकीला समुद्राचं पाणी, एकीला लसूण-मोहरी वगैरे कुटून केलेला लगदा, आणि एकीला रोज दोन संत्री एक लिंबू. फळं सहा दिवसांतच संपली पण तेवढ्यात ती जोडी बघता बघता उठून बसली, बाकीच्यांमध्ये फक्त सायडरवाल्यांना जरासा फरक पडला. मला यात सगळ्यात आवडतो तो लसूण-मोहरीचा लगदा. दिसायला किती 'औषधी' असेल तो, उग्र वास, जिभेला चटका, आणि स्कर्व्हीसाठी उपयोग शून्य. शेजारी लिंबूवाली जोडी नसती तर लगद्याचीही कीर्ती झाली असती बघा.

पायरी ३: पुरावा काचेच्या बशीतला आहे, उंदरातला की माणसातला?

"लिंबू केमोथेरपीपेक्षा १०,००० पट ताकदवान" हा मेसेज तुम्हालाही आलाच असेल. असल्या मेसेजच्या मुळाशी बहुतेकदा एवढंच असतं की लॅबमध्ये बशीत वाढवलेल्या कॅन्सरपेशींवर फळातलं एखादं रसायन टाकलं आणि पेशी मेल्या. बशीतल्या पेशी ब्लीचनेही मरतात हो. पोटात गेलेल्या पदार्थाला आधी आतड्यातून रक्तात जावं लागतं, लिव्हरच्या तावडीतून सुटावं लागतं, नेमक्या जागी पुरेशा प्रमाणात पोचावं लागतं आणि वर चांगल्या पेशींना हात न लावता काम करावं लागतं. बहुतेक सगळे चमत्कार या वाटेतच संपतात.

हळद हे याचं सगळ्यात मोठं उदाहरण. हळदीत कर्क्युमिन असतं, पण वजनाच्या साधारण ३ टक्केच, आणि ते शरीरात नीट शोषलंच जात नाही. १९९८ मध्ये माणसांवर झालेल्या एका प्रयोगात मिरीतल्या पायपरीनसोबत दिल्यावर कर्क्युमिनचं शोषण २० पट वाढलेलं दिसलं, म्हणून हळद-मिरी एकत्र घ्या असं सगळे सांगतात. बरोबरच आहे, पण मुळात जे नगण्य त्याच्या २० पट म्हणजे किती, हे कुणी विचारत नाही. २०१७ मध्ये औषध-रसायनशास्त्रज्ञांनी कर्क्युमिनवरच्या ढीगभर संशोधनाचा आढावा घेतला, तेव्हा कुणाला काय दिलंय हे पेशंट आणि डॉक्टर दोघांनाही माहीत नसलेल्या चाचण्यांमध्ये ठाम यश मिळाल्याचं उदाहरण त्यांना सापडलं नाही. गुडघेदुखीत थोडा आराम पडतो असं काही चाचण्या म्हणतात, तेवढं मी धरून चालतो. बाकी स्वयंपाकात हळद घालाच, पण चिमूटभर हळदीकडून गोळीची अपेक्षा करू नका.

इथे एक जण हमखास म्हणणार, अमेरिकेने हळदीचं पेटंट घेतलं होतं म्हणजे काहीतरी असणारच ना! तर १९९५ साली जखम भरण्यासाठी हळद या दाव्यावर अमेरिकेत पेटंट दिलं गेलं, आपल्या सीएसआयआर या सरकारी संशोधन संस्थेने त्याला आव्हान दिलं आणि १९९७ मध्ये ते रद्द झालं. रद्द झालं ते हा वापर आधीपासून माहीत होता हे जुन्या लिखाणातून सिद्ध झालं म्हणून. वापर जुना आहे आणि वापराचा उपयोग होतो, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, त्या केसमध्ये फक्त पहिली सिद्ध झाली. पेटंट हा गुणाचा पुरावा नसतो.

याच्या उलट बाजूही सांगायला हवी नाहीतर मी दुसऱ्या पार्टीत गेलो असं वाटेल. मलेरियावरचं आर्टेमिसिनिन हे औषध एका पारंपरिक वनस्पतीतूनच आलं. चीनमध्ये तू यूयू आणि त्यांच्या टीमला उकळून काढलेल्या अर्कात कधी गुण दिसायचा कधी नाही, मग चौथ्या शतकातल्या एका वैद्यकीय लिखाणात त्यांनी वाचलं की ही वनस्पती पाण्यात भिजवून पिळून घ्यायची, उकळायचा उल्लेखच नाही. उष्णतेने गुण जात असेल असं त्यांच्या डोक्यात आलं, १९७१ मध्ये कमी तापमानाला अर्क काढला आणि तो चालला. २०१५ मध्ये नोबेल मिळालं. परंपरेने दिला तो धागा, काम केलं शेकडो नमुने तपासण्याच्या चिकाटीने, आणि आजही जागतिक आरोग्य संघटना त्या झाडाचा चहा पिऊन मलेरिया बरा करा असं म्हणत नाही, कारण त्यात औषध किती उतरेल याचा भरवसा नसतो.

पायरी ४: रूप आणि मात्रा बघा, सगळा खेळ इथेच

लिंडच्या लिंबाची पुढची गोष्ट फार कमी लोकांना माहीत असते. १७९५ पासून ब्रिटिश नौदलाने खलाशांना लिंबाचा रस द्यायला सुरुवात केली आणि स्कर्व्ही जवळजवळ नाहीशी झाली. मग १८६० च्या दशकात त्यांनी जात बदलली, वेस्ट इंडीजची हिरवी लिंबं आणली, ती जास्त आंबट म्हणजे जास्त गुणकारी असा समज. प्रत्यक्षात त्यात व्हिटॅमिन सी कमी, त्यातून रस हवा-उजेडात आणि तांब्याशी संपर्कात येऊन उरलंसुरलंही जायचं. १८७५ च्या ब्रिटिश आर्क्टिक मोहिमेत स्कर्व्ही परत आली, आणि तज्ज्ञ लोकांनी लिंबाची थिअरीच चुकीची म्हणायला सुरुवात केली! आंबटपणा म्हणजे गुण असं धरलं की हे असं होतं. तेव्हा कुठलाही उपाय ऐकला की विचारा, यातला नेमका काम करणारा घटक कोणता, आणि माझ्या वाटीत तो आहे का.

मात्रेचं दुसरं टोक म्हणजे जास्त होणं. स्वयंपाकात वापरतो म्हणून चमचे भरभरून घ्यायला सुरक्षित, हा समज डोक्यातून काढा:

- दालचिनी: बाजारात जी स्वस्त जाड सालीची मिळते ती बहुतेक कॅशिया, तिच्यात कुमारिन असतं, जास्त गेलं तर काही लोकांच्या लिव्हरला त्रास देतं. युरोपात ठरवलेली मर्यादा वजनाच्या किलोमागे रोज ०.१ मिलिग्रॅम, म्हणजे ६० किलोच्या माणसाला ६ मिलिग्रॅम, आणि ती चमचाभर कॅशिया पावडरमध्येच ओलांडली जाऊ शकते. सिलोन दालचिनीत कुमारिन अगदी नगण्य. शुगरसाठी रोज चमचाभर खाणाऱ्यांनी हे वाचाच.
- ज्येष्ठमध: घशाला छान वाटतं मान्य. पण त्यातल्या ग्लिसिरायझिनमुळे पोटॅशियम उतरतं आणि बीपी चढतं. २०२० मध्ये अमेरिकेतली एक केस छापून आली होती, ५४ वर्षांचा माणूस काही आठवडे रोज पाकीटभर ज्येष्ठमधाची कँडी खात होता, हृदय बंद पडून गेला.
- जायफळ: चिमूट ठीक. चमचाभर-दोन चमचे म्हणजे विषबाधा, भास, उलट्या, छातीत धडधड. बाळाला झोप लागावी म्हणून तर अजिबात नको.
- लवंगेचं तेल: दातदुखी बधिर होते हे शंभर टक्के खरं, त्यातलं युजेनॉल डेंटिस्टही वापरतात. पण कीड जागच्या जागी राहते, आणि हे तेल लहान मुलाच्या पोटात गेलं तर लिव्हर निकामी होऊ शकतं. बाटली वरच्या कपाटात.
- जर्दाळूच्या आतली कडू बी: 'बी-१७' म्हणून विकतात, व्हिटॅमिन वगैरे काही नाही, पोटात त्याचं सायनाइड होतं. १९८२ साली १७८ कॅन्सर पेशंटवर यातलं औषध तपासून झालंय, फायदा नाही, उलट काहींच्या रक्तात सायनाइड धोक्याच्या पातळीला. युरोपियन अन्नसुरक्षा संस्थेच्या हिशोबाने मोठ्या माणसालाही तीनपेक्षा जास्त छोट्या बिया धोक्याच्या.

कॅप्सूल हा आणखी वेगळा प्रकार. हळदीच्या हाय-डोस सप्लिमेंटमुळे लिव्हरला सूज आल्याच्या केसेस इटली, ऑस्ट्रेलिया, अमेरिका सगळीकडून आल्यात, आणि शोषण वाढवणाऱ्या फॉर्म्युल्याचं नाव त्यात वारंवार येतं. भाजीतल्या हळदीने असं होत नाही. काम करण्याइतकं शरीरात गेलं की त्रास देण्याइतकंही जातं.

पायरी ५: घेणारा कोण आहे?

एक वर्षाच्या आतल्या बाळाला मध नाही. चाटण नाही, बोटावर थेंब नाही, शुद्ध-जंगली-घरचा कसलाही नाही. मधात क्लॉस्ट्रिडियम बॉट्युलिनमचे बीजाणू असू शकतात, आपल्या आतड्यात ते रुजत नाहीत पण बाळाच्या आतड्यात रुजून विष तयार करतात आणि बाळ लुळं पडतं. वर्षापुढच्या मुलांना मात्र खोकल्यात रात्री झोपताना अर्धा-एक चमचा मध खरंच उपयोगी पडतो, ब्रिटनच्या सरकारी गाइडलाइनमध्येही तो आहे. एकच पदार्थ, वयाची एक रेघ, आणि निकाल पूर्ण उलटा.

औषधं चालू असलेल्यांनी ही पायरी दोनदा वाचा. ग्रेपफ्रूटचा (पपनसाच्या जातीचं आंबट-कडवट फळ) किस्सा भारी आहे: १९८० च्या दशकात कॅनडात डेव्हिड बेली नावाचे संशोधक फेलोडिपिन या बीपीच्या गोळीवर दारूचा काय परिणाम होतो ते तपासत होते, दारूची चव लपवायला त्यांनी ग्रेपफ्रूटचा ज्यूस वापरला आणि रक्तात औषधाची पातळी अपेक्षेपेक्षा कितीतरी जास्त निघाली. दोष दारूचा नव्हता, ज्यूसचा होता. हे फळ आतड्यातलं औषध मोडणारं एन्झाइम बंद पाडतं, परिणाम दिवसभराहून जास्त टिकतो, म्हणून "गोळी सकाळी, फळ संध्याकाळी" ही युक्ती चालत नाही. कोलेस्टेरॉलच्या सिमव्हास्टॅटिन, अ‍ॅटॉर्व्हास्टॅटिन या गोळ्यांनाही हे लागू, आणि पपनसातही तीच रसायनं असतात.

किडनीचा आजार असेल तर स्टारफ्रूट, म्हणजे कमरख, पूर्ण बंद. त्यातलं कॅरॅम्बॉक्सिन निरोगी किडनी बाहेर टाकते, आजारी किडनी टाकू शकत नाही, मग न थांबणारी उचकी, गोंधळ, फिट आणि मृत्यूसुद्धा. नारळपाणी आणि केळीसुद्धा पोटॅशियममुळे अशांनी डॉक्टरला विचारूनच घ्यावी. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असताना लसूण, आलं, हळदीच्या कॅप्सूल नकोत, ऑपरेशन ठरलं असेल तर दोन आठवडे आधीच थांबवून सर्जनला सांगा. मेथीने शुगर खरंच थोडी उतरते, आणि म्हणूनच शुगरच्या गोळीवर मेथीचा डोस चढवला तर शुगर नको तितकी उतरू शकते.

पायरी ६: हातात आलेला माल खरा आहे का?

हे पटकन सांगतो. २०१९ मध्ये बांगलादेशातल्या संशोधनात हळदीला पिवळाधमक रंग यावा म्हणून लेड क्रोमेट घातल्याचं आणि ते शिसं लोकांच्या रक्तात पोचल्याचं दिसलं. मधात साखरेचा पाक मिसळणं तर जगभर चालतं. फार भडक रंगाची सुटी पावडर टाळा. कारलं सोडून भोपळ्याच्या जातीची कुठलीही भाजी कडू लागली तर रस ताबडतोब थुंका, कडू म्हणजे औषधी असं समजून पूर्ण ग्लास संपवणारे लोक आयसीयूत गेलेत.

आता माझा हिशोब

पास झालेले: बद्धकोष्ठतेला सुके आलुबुखार, २०११ च्या एका चाचणीत रोज दोनदा ५० ग्रॅम खाणाऱ्यांना इसबगोलपेक्षाही जास्त फायदा झाला. इसबगोल स्वतःही पास, कोलेस्टेरॉलसाठीसुद्धा, फक्त भरपूर पाण्यासोबत, नाहीतर घशात फुगून अडकतो. मळमळीला आलं, खोकल्याला मध. वारंवार लघवीचं इन्फेक्शन होणाऱ्या बायकांना क्रॅनबेरी ते पुन्हा होऊ नये म्हणून, हे २०२३ च्या कोक्रेन (झालेल्या चाचण्या एकत्र करून तपासणारी संस्था) आढाव्यात आलंय, पण झालेलं इन्फेक्शन त्याने बरं होत नाही, हा फरक विसरू नका.

काठावर पास: व्हिटॅमिन सी. रोज आधीपासून घेत असाल तर मोठ्यांची सर्दी सुमारे ८ टक्के लवकर संपते, म्हणजे आठवड्याच्या सर्दीत अर्धा दिवस, आणि सर्दी झाल्यावर सुरू केलं तर तेवढंही नाही. लसणाने बीपी थोडं उतरतं, गोळी बंद करण्याइतकं नाही. पुदिन्याचं तेल कॅप्सूलमधून घेतलं तर पोटातल्या मुरड्याला चांगलं, पण ज्याला अ‍ॅसिडिटी आहे त्याची छाती जास्तच जळते.

नापास: लिंबूपाण्याने रक्त अल्कलाइन होतं हे. रक्ताचा पीएच (आम्ल-अल्कलीचं माप) ७.३५ ते ७.४५ मध्येच राहतो, फुप्फुसं आणि किडन्या तो सांभाळतात, लिंबाला कुणी विचारत नाही. (यातला खरा दाणा: लिंबामुळे लघवीतलं सायट्रेट वाढतं आणि काही प्रकारचे मुतखडे व्हायला अडथळा येतो.) जेवणानंतर फळ खाल्लं की पोटात सडतं हेही नापास, जठरातल्या अ‍ॅसिडमध्ये कसलं सडतंय. चेहऱ्याला लिंबू चोळून उन्हात जाणं तर नापासच्या खाली, त्वचा भाजल्यासारखे फोड येतात. कच्चा लसूण ठेचून कातडीला बांधला तरी तेच. आणि भाजल्यावर हळद, बटाटा, मध काही नको, २० मिनिटं वाहतं गार पाणी, बस.

स्वतःवर करून बघायचं असेल तर

सगळ्या पायऱ्यांतून उपाय पार पडला तरच. एका वेळी एकच उपाय, नाहीतर कशाने काय झालं कळणारच नाही. सुरू करायच्या आधी त्रास शून्य ते दहामध्ये किती आहे ते लिहा, नंतर आठवून सांगितलेला आकडा मनासारखाच येतो. थांबायची तारीखही आधीच ठरवा, दोन आठवडे म्हणजे दोन आठवडे, फरक नसेल तर बंद. चालू असलेलं डॉक्टरचं औषध त्यासाठी सोडायचं नाही.

काही गोष्टींत मात्र स्वयंपाकघराकडे वळायचंच नाही: छातीत दुखणं, श्वास लागणं, तोंड किंवा हात एका बाजूला लुळा पडणं, उलटी-शौचातून रक्त, तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला ताप, कावीळ, लहान मुलाचं लघवी न होणं किंवा पेंगत राहणं. आणि डॉक्टरकडे जाताना घेत असलेल्या पावडरीचं, काढ्याचं पाकीट सोबत न्या, "काही विशेष घेत नाही" असं सांगू नका, कारण लिव्हरचे रिपोर्ट बिघडलेले असताना डॉक्टर जे शोधत असतात ते बऱ्याचदा त्या पाकिटाच्या मागे बारीक अक्षरात छापलेलं असतं.